राखणदाराचे देणे

गेल्या वर्षीच्या नरकचतुर्दशीची गोष्ट. पहाटेचे अभ्यंगस्नान झाले, तुळशीपुढे कारीट फोडून झाले, चार प्रकारचे पोहे खाऊन झाले, आणि पोटावर हात फिरवीत मी समुद्राच्या बाजूने फिरायला निघालो. आमचे भाट्ये रत्नागिरी शहरापासून एका पुलाच्या अंतरावर आहे. काजळी नदी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या एका तीरावर राजिवडा, दुसऱ्या तीरावर आम्ही. पूल उतरला की एका हाताला सुरूचे बन आणि वाळू, दुसऱ्या हाताला नारळ संशोधन केंद्राचे माड, आणि पुळण संपते तिथे झरीविनायकाचे देऊळ. एवढीच आमच्या गावाची श्रीमंती. पण ती पहाटेच्या वेळी पाहावी.

वाटेवर एका आंबेवाल्याची बाग लागते. तिथे एक नेपाळी राखणदार बारमाही राहतो. कोकणच्या बागांना ही माणसे आता परकी राहिलेली नाहीत. हापूसचा हंगाम जवळ आला की डोंगराडोंगरांवर त्यांच्या खोपट्या उभ्या राहतात, आणि खोपटीपुढे बहुधा एखादे कुत्रे असते. त्या पहाटे हा राखणदार आपल्या कुत्र्यापुढे उकिडवा बसला होता. कुत्र्याच्या कपाळाला लाल टिळा, गळ्यात झेंडूची माळ, समोर केळीच्या पानावर दूधभात. कुत्राही मोठ्या गांभीर्याने पूजा करून घेत होता.

“आज हे काय?” मी विचारले.

“आज त्याचा दिवस, गुरुजी,” तो हसून म्हणाला. “आमच्या मुलखात आज पहिला मान त्याला. वर्षभर राखण करतो ना!”

नेपाळात दिवाळीला तिहार म्हणतात. त्याचा पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो आणि बैलपोळ्याला बैलाला ओवाळतो, तसेच हे. ज्याने वर्षभर आपल्यासाठी काम केले, त्याचे देणे वर्षातून एकदा तरी उघडपणे मान्य करायचे.

घरी परत आलो. वाडीतल्या पोरांनी फटाक्यांची माळ लावली होती आणि आमचा मोत्या माजघरात खाटेखाली अंग चोरून थरथरत बसला होता. ओटीवर त्याची साखळी नुसतीच लोंबत होती. मी वाकून त्याच्याकडे पाहिले आणि मनात आले, याच्या गळ्यात माळ घालायची झाली तर कशाबद्दल घालायची? माळ घालावी असे काही काम आम्ही याला दिले आहे काय?

विचार चांगला होता. सणाच्या दिवशी चांगले विचार सुचतातच. दुपारी मी तो आईला बोलून दाखवला. तिने “हं” म्हटले. तेवढ्यावर समाधान मानून मी तो विसरून गेलो. लिहिणाऱ्या माणसाचा हा मोठाच दोष आहे. एखादी गोष्ट नीट शब्दांत मांडता आली की ती करून झाल्यासारखीच त्याला वाटते.

मोत्या आमच्याकडे आला तो मुलीच्या हट्टाने. ती तेव्हा आठवीत होती. “मी त्याचं सगळं करीन, बाबा,” असे तिने शपथेवर सांगितले आणि दोन वर्षे खरोखरच केले. मग दहावी आली, शिकवण्या आल्या, पुढे पुलापलीकडचे कॉलेज आले. मुलगी मोठी झाली, हा काही तिचा अपराध नव्हे. पण ती ज्या दिवशी मोठी झाली, त्या दिवशी मोत्या पोरका झाला, हे आमच्या घरात कोणाच्या ध्यानात आले नाही.

आणि माझा दिवस? मी शाळामास्तर, तोही मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. लहान मुलांना अक्षरे गिरवायला लावणे हे माझे पोटापाण्याचे काम. पहाटे उठून दोन तास कादंबरी लिहायची, मग पूल ओलांडून शाळा, संध्याकाळी घरच्या शिकवण्या, रात्री वह्या. दिवसाचे तास मी वहीतल्या चौकोनांसारखे आखून ठेवलेले. त्यांत मोत्याचा चौकोन कुठेच नव्हता. दोन वेळा भाकरी, कधी माशाचा तुकडा, वाडगाभर पाणी, वर्षातून एकदा रेबीजची लस. यापलीकडे कुत्र्याला काय लागते, असे मला वाटे. तो फार भुंकू लागला की मी आतून “ए, गप!” म्हणून ओरडत असे. आमच्यातले संभाषण ते एवढेच.

असा काळ चालला असता या वर्षीचा आषाढ आला. एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी पावसातून घरी आलो. आई शेजारी गेली होती. साखळीचा आकडा निसटला होता, आणि ओटीवर माझ्या कादंबरीचे चौथे प्रकरण पसरले होते. हाताने लिहिलेली पाने. काही मोत्याच्या पायाखाली, काही त्याच्या पोटात. न्यूटनच्या कुत्र्याने मेणबत्ती पाडून त्याचे कित्येक वर्षांचे कागद जाळले, तरी त्या थोर पुरुषाने हात उगारला नाही, अशी एक दंतकथा आहे. मी न्यूटन नव्हे. माझ्या हातात ओली छत्री होती. ती मी उगारली आणि ती खालीही आली. एकदा नव्हे, तीनदा.

मोत्या ओरडला नाही. तो भिंतीशी गेला आणि खाली बसून माझ्याकडे पाहत राहिला.

मुलांच्या अंगावर हात टाकायचा नाही, हे मी मास्तरकीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच ठरवून टाकले होते. पुढे २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने ते सर्वांनाच बंधनकारक केले. आपण ते कायद्याच्या आधीच केले, याचा मला थोडा अभिमान होता. वाचकांपासून काय लपवू? मुलांना मी मारत नव्हतो, यात माझ्या मोठेपणाइतकाच मुलांना आईबाप असतात या गोष्टीचाही वाटा असावा, हे त्या दुपारी मला कळले. मोत्याच्या बाजूने विचारणारे कोणी नव्हते.

तेवढ्यात आई आली. तिने कागदांकडे पाहिले, छत्रीकडे पाहिले, मोत्याकडे पाहिले.

“कधीपासून बांधला होता रे त्याला?”

“सकाळपासून.”

“मग सकाळपासून त्यानं काय करावं अशी तुझी इच्छा होती?”

आवाज न चढवता तिने हे विचारले आणि ती कागद गोळा करू लागली. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्यावर पुष्कळ विचार केला, आणि जे हाती लागले ते दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट ही, की कुत्र्याचे रिकामपण हे त्याचे स्वतःचे नाही. ते आपण त्याला दिलेले आहे. माझ्या लहानपणी गावातल्या कुत्र्याला साखळी ठाऊक नव्हती. तो खळ्यात झोपे, गुरांमागून कातळावर जाई, आगरात शिरणाऱ्या वानरांवर धावे, रात्री डुकरांची चाहूल लागली की साऱ्या वाडीला जागे करी. त्याला कोणी शिकवत नसे, कारण दिवसच त्याला शिकवीत असे. त्याचे ते आयुष्य सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. गाडीखाली, खरजेने, उपासाने किती मरत याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण त्याला कंटाळा ठाऊक नव्हता. आज आपण चिऱ्यांचा गडगा घातला, त्याला लोखंडी फाटक बसवले आणि राखणदाराला आत बांधून टाकले. मुंबई-पुण्याकडे तर त्याला तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवले. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेली शिकारी कुत्र्यांची जात माळरानावर सशामागे धावण्यासाठी घडलेली; तीही आता दोन खोल्यांत पाळणारे लोक आहेत. धावण्यासाठी केलेले पाय आणि हुंगण्यासाठी केलेले नाक आपण घरी आणतो, आणि ते स्वस्थ बसत नाहीत म्हणून त्यांच्यावर रागावतो.

आपल्या कायद्याला हे कळले होते, याचे मला आश्चर्य वाटते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा कायदा आपल्या संसदेने १९६० साली केला. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल या थोर नर्तिकेने राज्यसभेत केलेला पाठपुरावा होता. या कायद्याच्या अकराव्या कलमात मारहाण आणि उपासमार यांच्या जोडीला आणखी एक गुन्हा सांगितला आहे. ज्या कुत्र्याला नेहमी बांधून वा कोंडून ठेवले जाते, त्याला मालकाने वाजवी व्यायाम दिला नाही, तर तोही गुन्हा. पहिल्या खेपेचा दंड कायद्याने ठरवला तो १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाला कोणी भीत नाही, आणि आमच्या गावात या कलमाखाली कोणी पकडला गेल्याचे मी ऐकलेले नाही. पण दंड बाजूला ठेवून त्यातला विचार पाहावा. ज्याला तुम्ही बांधता, त्याच्या हालचालीचे देणेकरी तुम्ही होता. हे देणे भाकरीने फिटत नाही.

आता प्रश्न आला वेळेचा. “मान्य आहे हो, पण वेळ कुठे आहे?” मीही आईला हेच म्हणालो. तिने मला उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याकडे पाहू लागलो, आणि माझ्या ध्यानात आले की सत्तरी ओलांडलेल्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत कामात असलेल्या या बाईचे मोत्या सगळे ऐकत होता. ती विहिरीवर निघाली की तो साखळी ताणत नसे. ती भाकरीचे ताट घेऊन आली की तो आपणहून खाली बसे. ती “थांब” म्हणाली की उंबऱ्याशी थांबे.

“तू याला कधी शिकवलंस?” मी विचारले.

“मी कुठं शिकवायला बसत्ये? माझी कामं चाललेली असतात, तो बरोबर असतो. बसल्याशिवाय ताट खाली ठेवायचं नाही, एवढंच मी पाळत्ये. दोनदा ठेवलं नाही, तिसऱ्यांदा त्यालाच कळलं.”

शिकवण्यासाठी मी दिवसातून एक तास शोधत होतो आणि तो सापडत नव्हता. आईने तास शोधलाच नाही. जे काम रोज करायचेच आहे, त्याच्या पोटात तिने शिकवणे घालून ठेवले. ताट ठेवणे रोज आहे, दार उघडणे रोज आहे, चपला घालणे रोज आहे. तिथेच “बस”, तिथेच “थांब”, तिथेच “ये”.

पुढे मी थोडे वाचले आणि जाणत्यांना विचारले. तेव्हा कळले की आई जे करत होती, त्यात शास्त्रही आहे. डेन्मार्कमध्ये २०११ साली ४४ बीगल कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना रोज शिकवले, काहींना आठवड्यातून एक-दोनदाच. काहींचा धडा छोटा, काहींचा लांबलचक. रोज शिकवलेल्यांपेक्षा आठवड्यातून एक-दोनदा शिकवलेली कुत्री चांगली शिकली, आणि लांब धड्यापेक्षा छोटा धडा उपयोगी पडला. मी मास्तर असल्यामुळे मला हे वाचून थोडी लाजही वाटली. म्हणजे “वेळ नाही” ही माझी सबब शास्त्राने अगदी मुळातच काढून घेतली. पाच मिनिटांचे काम होते. ती पाच मिनिटे रोज सकाळी मी वर्तमानपत्राची तीच बातमी दुसऱ्यांदा वाचण्यात घालवीत होतो.

ज्यांच्या घरी मोत्या आहे, त्यांच्यासाठी आमच्या घरची रीत सांगतो. एका गोष्टीला एकच शब्द. आमच्याकडे मी “बस” म्हणे, मुलगी “सिट”, शेजारचा मुलगा “बैठ”, आणि तिघेही त्याला मूर्ख ठरवत असू. बक्षीस द्यायचे ते त्याच क्षणी, कारण दोन-चार क्षण गेले की तो ते दुसऱ्याच कशाच्या तरी खाती जमा करतो. बक्षीसही मोठे नको. सुक्या बोंबलाचा नखाएवढा तुकडा त्याला आपल्या दिवाळीच्या करंजीहून मोलाचा वाटतो. जमले नाही तर रागावायचे नाही, फक्त तुकडा द्यायचा नाही. आणि डोक्याला खाद्य हवे ते नाकावाटे द्यायचे. कुत्र्याचे जग नाकाचे आहे. आम्ही त्याची निम्मी भाकरी ताटात न देता मागीलदारी सोडणांच्या ढिगात तुकडे लपवून देऊ लागलो. पहिल्या दिवशी तो गोंधळला. चौथ्या दिवशी पाव तास हुंगून एकेक तुकडा शोधून काढला आणि मग असा गाढ झोपला की शिकवणीची मुले आली-गेली तरी त्याने कान हलवला नाही. या पाव तासात मी वह्या तपासत बसलो होतो. माझे एक मिनिटही त्यात गेले नाही.

पहाटे पुळणीवर नेतो तेव्हाही मी त्याला पूर्वीसारखा ओढत नेत नाही. कुर्लीच्या बिळाशी थांबला तर थांबू देतो. मात्र “ये” म्हटले की यायचे, एवढे त्याला पक्के शिकवले आहे. हे केवळ हौसेसाठी नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ती अंडी राखण्याचे मोठे काम केले. अशा घरट्यांचे शत्रू म्हणजे कोल्हे, कुत्री आणि माणसे. आपला मोकळा कुत्रा दुसऱ्या कोणाचे घर उकरत नाही, हे पाहणे हेही पाळणाऱ्याचेच काम.

परंतु या सर्वांत मला जे खरोखर शिकायला मिळाले, ते वेगळेच होते. एके दिवशी वह्या तपासताना सहज पाहिले तर मोत्या ओटीवर शांत पडून होता. पाऊस पडत होता, तो पावसाकडे पाहत होता. माझ्या मनात आले, असा तो रोजच कितीतरी वेळ पडून राहत असेल, आणि तीन वर्षांत अशा वेळी मी त्याच्याकडे एकदाही गेलेलो नाही. मी गेलो ते भुंकला तेव्हा, कागद फाडले तेव्हा. गप्प बसल्यास या घरात कोणी विचारत नाही आणि भुंकल्यास निदान “ए, गप!” असे दोन शब्द तरी मिळतात, हे मीच त्याला शिकवले होते. म्हणजे शिकवायला वेळ नाही असे म्हणत असताना मी रोज शिकवतच होतो. धडा तेवढा चुकीचा होता.

मी उठलो, त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बोंबलाचा तुकडा पुढे ठेवला आणि काही न बोलता परत येऊन बसलो. याला किती वेळ लागला असेल? वाचकांनीच मोजावा.

त्या रात्री मला माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरची मुले आठवली. जे पोर खोड्या करते त्याचे नाव आम्हा मास्तरांच्या तोंडी दिवसातून वीस वेळा येते. जे पहिले येते त्याचेही येते. मधले एखादे पोर वर्षभर गप्प बसते, कोणाला त्रास देत नाही, आणि वर्षाच्या शेवटी त्याचे नाव घेताना आपल्याला हजेरीपट पाहावा लागतो. घरातही असेच असते. जे कुरकुर करतात त्यांच्यासाठी आपण वेळ काढतो. जे करत नाहीत त्यांना “समजूतदार” म्हणतो आणि त्यांचा वेळ दुसऱ्याला देऊन टाकतो. “वेळ नाही” हे वाक्य आपण साहेबाला ऐकवत नाही, सावकाराला ऐकवत नाही. ज्यांच्याकडून उलट उत्तर येणार नाही अशांनाच ते ऐकवतो.

इथे एक शंका घ्यावीशी वाटते. शिकवणे हे चांगलेच असते काय? शिकवणे म्हणजे दुसऱ्याला आपल्या सोयीसाठी वाकवणे, असेही होऊ शकते. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी रशियाने लायका नावाची कुत्री अंतराळात पाठवली. मॉस्कोच्या रस्त्यावरची ती बेवारशी कुत्री. तिला आठवडेच्या आठवडे लहान, आणखी लहान, अशा पेटाऱ्यांत स्वस्थ बसायला शिकवले. ती फार शहाणी होती, सारे शिकली. तिच्या परतीची सोय मात्र केलेलीच नव्हती. ती काही दिवस जगून वेदनेवाचून गेली असे जगाला सांगण्यात आले. यानात उष्णता वाढून ती काही तासांतच मेली, हे २००२ साली बाहेर आले. या कथेत एक लहानशी घटना आहे. उड्डाणापूर्वी यझदोव्हस्की या शास्त्रज्ञाने तिला आपल्या घरी नेले आणि आपल्या मुलांबरोबर खेळू दिले. तो मनुष्य त्या दिवसांत जगातल्या सर्वांत कामात असलेल्या माणसांपैकी एक असला पाहिजे. तरी त्याला तेवढा वेळ सापडला. लायकाला जे शिकवले ते सगळे माणसासाठी होते. ते घरी खेळणे तेवढे तिच्यासाठी होते. मला वाटते, शिकवण्याची कसोटी हीच. मोत्याने फाटकाशी थांबावे हे माझ्या सोयीचे आहे खरे, पण त्यामुळे त्याची साखळी सुटत असेल, त्याला पुळण मिळत असेल, तर ते त्याच्याही कामाचे आहे. ज्या शिकवण्याने शिकणाऱ्याचे जग थोडे मोठे होत नाही, त्याला शिकवणे म्हणू नये.

दुसरी शंका याहून कठीण आहे. कोणी म्हणेल, “मास्तर, इथे मुलांशी बोलायला वेळ नाही, म्हाताऱ्या आईबापांजवळ बसायला वेळ नाही, आणि तुम्ही कुत्र्याचे काय घेऊन बसलात?” मी या शंकेला हसणार नाही. दोन नोकऱ्या करणाऱ्या, लोकलला लोंबकळून रात्री नऊला घरी येणाऱ्या माणसाला मी पुळणीवरून उपदेश करू नये, हे मला समजते. त्याला माझे एवढेच सांगणे की त्याने कुत्रा आणू नये. न आणणे हाही एक धर्मच आहे. मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू भेट देण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांनी स्वतःला विचारावे, हे मूल मोठे झाले म्हणजे याचे कोण? हा प्रश्न आम्ही विचारला असता तर बरे झाले असते. पण आणून बांधल्यावर मात्र माणसे आधी की कुत्रा आधी हा वाद लावता येत नाही. धर्मराजापुढे स्वर्गाचे दार उघडे होते, तरी आपल्यामागे विश्वासाने आलेल्या कुत्र्याला टाकून तो आत जाईना, असे महाभारत सांगते. आपल्यापुढे इतकी मोठी परीक्षा कोणी ठेवलेली नाही. स्वर्ग सोडायचा नाही, वर्तमानपत्र पाच मिनिटे बाजूला ठेवायचे आहे. आणि माझा अनुभव असा, की मोत्यासाठी ती पाच मिनिटे काढू लागल्यापासून आईजवळ ओटीवर बसणेही मला जमू लागले आहे. कदाचित तो तिच्या पायाशी असतो म्हणून असेल.

छत्रीचे मात्र लवकर मिटले नाही. रशियाच्याच पावलॉव्ह या शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल. पण जग त्याला ओळखते ते त्याच्या कुत्र्यांमुळे. अन्नाआधीची खूण कळली तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटे. माझ्या छत्रीने मोत्याला तोच धडा उलट बाजूने दिला होता. कोकणातला पाऊस, रोज छत्री हवी; आणि मी ती खुंटीवरून काढली की मोत्या भिंतीशी जाऊन बसे. तीन फटके मारायला मला तीन क्षण लागले होते. ते पुसायला श्रावण आणि भाद्रपद गेले. मी मिटलेली छत्री ओटीवर आडवी ठेवी आणि तिच्यापासून चार हातांवर बोंबलाचा तुकडा. मग तीन हातांवर. मग दोन. तो पुढे आला तर ठीक, न आला तर त्या दिवशी तेवढेच. घाई करून चालत नाही, हे मी याच कामात शिकलो.

फटाक्यांचेही आम्ही तसेच चालवले आहे. श्रावणापासून आई जेवणाच्या वेळी ताटावर चमचा हळू वाजवते आणि तुकडा देते. थोडे मोठे वाजवते आणि तुकडा देते. दिवाळीला त्याला भीती वाटणारच नाही, असे मी म्हणत नाही. वाडीतल्या पोरांना मी बोलावून सांगितले आहे की आमच्या गडग्यापाशी माळ लावू नका. बदल्यात चिवड्याचा एक डबा त्यांना कबूल केला आहे.

हे लिहीत असताना नवरात्र तोंडावर आले आहे. कादंबरीचे चौथे प्रकरण मी पुन्हा लिहिले. ते पहिल्यापेक्षा बरे झाले असे घरचे म्हणतात, आणि त्याचे श्रेय कोणाला द्यायचे यावर मुलगी हसते. यंदा नरकचतुर्दशीला मोत्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालावी असा तिचा बेत आहे. मी तिला म्हटले, घाल. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला पुळणीवर न्यायची पाळी तुझी. ती कबूल झाली आहे. कालपासून परतीचा पाऊस लागला आहे. ओटीवर छत्री वाळत ठेवली आहे आणि तिच्यापासून हातभर अंतरावर मोत्या झोपला आहे.